बिनफाळक्याची लॉरी

"हौदाच करू," तात्याबा सुतार म्हणाला. "चारी बाजूंनी कमरंइतकं फाळकं. मानूस तळाला निजवायचा, वर गुळाच्या ढेपा."

"आन् नाक्यावर ढेपा उतरवाय लावल्या तर?" आकारामनं विचारलं.

लॉरी आकारामची होती. मागचा जुना हौदा कुजून गळून पडला होता आणि ती शिराळ्याला तात्याबाच्या छपरापुढं उघडीबोडकी उभी होती. पुढं बैठक, मागं नुसती चेसी. हौदा बांधायचा की सपाट फळी मारायची, यावरून दोघांची सकाळपासून जुंपली होती. एरवी गूळ भरायचा की बांबू, एवढ्यावर हा प्रश्न सुटला असता.

या खेपेला माल वेगळा होता. अर्जुना नावाचा एक भूमिगत गडी मांडीत गोळी घेऊन डोंगरातल्या गोठ्यात पडला होता. मिरजेचे एक डॉक्टर मागल्या दारानं त्याला आत घ्यायला तयार होते. पण चार दिवसांत पोचला नाही तर पाय जाईल आणि पायामागून माणूसही, असं वैदू सांगून गेला होता.

अर्जुना कुठला, कुणाचा, दोघांनाही ठाऊक नव्हतं. चव्वेचाळीस साल ते. भूमिगतांत बापाचं नाव विचारायची रीत नव्हती. जे माहीतच नाही ते मार खाऊनही तोंडातून निघत नाही, एवढंच त्यामागचं शहाणपण.

तेवढ्यात लालासाहेब हवालदार आला आणि तात्याबानं रंधा हातात घेतला. हवालदार ठाण्यात नवा होता. महिनाभरात त्यानं एकच नाव कमावलं होतं, नसती उठाठेव करणारा.

"काय बांदतोयस रं?"

"हौदा, सायेब."

"हौदा नगं. हौदा दिसला की आमाला ताडपत्री उचलाय लागती. सपाट लॉरी लांबनंच उगडी दिसती. कोन अडवत न्हाई." तो गुडघ्यावर बसून चेसीखाली डोकावला. "आन् फळी चेसीला चिकटवू नगंस. हातभर वर घे. वड्यातनं जाताना पानी लागंल. फळ्यांत बोटबोट फट ठेव. पावसात लाकूड फुगतं."

तात्याबाच्या तीन पिढ्या लाकडात गेल्या होत्या. लाकूड फुगतं हे त्याला शिकवायला आलेला हा पहिलाच हवालदार. तरी त्यानं मान डोलावली.

हवालदार गेला आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. फळी हातभर वर घ्यायला आता खुद्द सरकारचा हुकूम होता, आणि हातभर उंचीत एक माणूस आडवा मावतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनाला फळीखाली गवतावर सरकवला आणि मागून आणि दोन्ही अंगांनी आडव्या फळ्या ठोकल्या. तापानं त्याचं अंग फणफणत होतं. "दुखलं तर दात आवळ," तात्याबानं त्याला सांगितलं. "येक कन्हणं बाहीर आलं तर तिगंबी जातूय." आकारामला मात्र पहिल्यांदाच वाटलं की हा गडी वाचतो.

ते वाटणं पहिल्या फाट्यापर्यंतच टिकलं. फाट्यावर हवालदार हात वर करून उभा होता.

"मिरजंला चाललास न्हवं? मलाबी यायचंय."

"फुडं बसा की, सायेब."

"फुडं जीव घुसमटतो." त्यानं बूट काढून हातात घेतले.

"बूट कशापायी काढलं?"

"टाच सोललीया." तो वर चढला आणि फळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसला.

ज्याला लपवायचं त्याच्या छाताडावरच पोलीस. पुढं बसलेला तात्याबा सगळे देव आठवू लागला.

"सडकंनं नगं," मागून हुकूम आला. "वारणाकाठच्या गाडीवाटंनं घे. आन् सावकाश. माजं बूड काय लोखंडाचं न्हाई."

गाडीवाट कसली, नुसती चाकोरी. खाचखळगे चुकवत लॉरी बैलगाडीच्या चालीनं निघाली. एका घळीत मागचं चाक आदळलं आणि फळीखालून कण्हणं आल्यासारखं आकारामला वाटलं. त्याचा पाय ब्रेकवर गेला. पण त्याच क्षणी हवालदारानं भजन सुरू केलं. आवाज असा भसाडा की शेतातले बगळे उडाले. घळ संपली तरी भजन संपेना. उभ्या आयुष्यात आकारामनं कुणाच्या बेसूरपणाचे इतके आभार मानले नव्हते.

सांगलीच्या अलीकडं नाका लागला. शिपाई कडब्याच्या गाड्यांत सळई खुपसून बघत होते. एकजण सळई घेऊन लॉरीच्या मागं आला आणि वाकला.

"माज्या बुडाखाली काय बगतोस रं?" हवालदार डाफरला. "मुळव्याद?"

बाकीचे शिपाई खिदळले. वाकलेल्यानं शरमून सलाम ठोकला आणि आडवा बांबू वर गेला.

मिरज आली. आकारामनं ठाण्यासमोर लॉरी थांबवली. ही ब्याद इथं उतरली की डॉक्टरांचं घर दोन हाकांवर होतं.

"सायेब, ठानं आलं."

हवालदार उतरला नाही. "फुडं घे."

"कुटं?"

"दवाखान्याच्या मागल्या आळीत. डॉक्टरांच्या दारात."

आकारामनं तात्याबाकडं बघितलं. याला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. डॉक्टरांसकट सगळ्यांना एकाच जाळ्यात धरायला यानं आपल्याच लॉरीत बसून आपल्याला इथवर हाकत आणलं. तात्याबाच्या डोळ्यांत पाणी आलं. पळावं तर अर्जुना खाली, आणि त्याला टाकून पळायचं दोघांच्याही मनात आलं नाही. लॉरी दारापुढं उभी राहिली.

हवालदारानं टोपी काढली. गुडघे टेकले, हात टेकले आणि फळीजवळ तोंड नेलं.

"अर्जुना," तो म्हणाला, "तुजा बा हाय रं वर. पोचलो आपन. आता वरडलास तरी चालंल."