एक बावळट ओळ

"मॅडम, ब्रेकच्या दांड्यावर हात आहे माझा. सोडू का?"

फोनवर सुदेश होता. लिफ्टचा मेकॅनिक, नोकरीत नवाकोरा. ठाण्याच्या बाळकुममधल्या एका टॉवरच्या गच्चीवर, मशीनरूममध्ये घामाघूम उभा. खाली दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट लटकलेली, आत दोन माणसं. आणि श्रिया होती डोंबिवलीत, आपल्या घरी, लॅपटॉपसमोर. चहाचा कप तोंडाशी.

कप खाली आला. "थांब! पानावर काय लिहिलंय?"

"चौथ्या पायरीत लिहिलंय, चौथी पायरी झाल्याशिवाय ब्रेक सोडू नये. आणि ब्रेक सोडायचा कधी? तर चौथ्या पायरीत! आता तुम्हीच सांगा."

श्रियाने लॅपटॉपवर तेच पान उघडलं.

लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं. ते अडलं तर काय करायचं, ते सगळं कंपनीच्या विकीवर. विकी म्हणजे ऑनलाइन पुस्तकच, पण कायम दुरुस्त करता येणारं. ते नीटनेटकं ठेवायचं काम श्रियाचं. आज सकाळीच तिने हे पान घासूनपुसून लख्ख केलेलं. वाकड्या खुणा सरळ केल्या, धोक्याच्या सूचना लाल चौकटीत बसवल्या आणि सगळ्यात वरची एक ओळ उडवली. फारच बावळट ओळ होती ती. तिच्या शेजारी कोणीतरी टीप ठेवलेली, पान दुरुस्त करणाऱ्यालाच दिसेल अशी: 'हसू येईल. तरी काढू नये.' श्रिया हसली होती. आणि टीपही काढून टाकली होती.

पायऱ्यांचे आकडे विकी आपोआप घालतो. वरची ओळ गेली तशा खालच्या सगळ्या पायऱ्या एकेक घर वर सरकल्या. पण 'चौथी पायरी झाल्याशिवाय' हे शब्द कोणीतरी हाताने लिहिलेले. ते कशाला सरकतायत?

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

"सोसायटीचे सेक्रेटरी, प्रभाकरराव. आणि एक आजी आहेत, सुमतीबाई. इंटरकॉमवर आजीच बोलतायत. सेक्रेटरी बरे आहेत ना विचारलं, तर म्हणाल्या, 'अहो, हे काही बोलतच नाहीत!' खाली त्यांची मिसेस रडतेय. बीपीची गोळी घरीच राहिलीय म्हणे. फायर ब्रिगेड कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये. आणि मॅडम, पानाबाहेर काही केलं तर माझी नोकरी गेली. पटकन बोला ना!"

श्रियाने मनातल्या मनात आकडा मागे नेला. चौथी म्हणजे आताची तिसरी. तिसरी म्हणजे मेन स्विच बंद. तो तर याने केलाय. म्हणजे 'सोड ब्रेक' म्हटलं की झालं. मग एक शब्द गुपचूप बदलायचा. कोणाला कळणार? अप्रेझल तोंडावर आलेलं.

शब्द ओठांपर्यंत आले. पण खाली अजून कितीतरी पायऱ्या होत्या. त्यात असा हाताने लिहिलेला आकडा आणखी कुठे दडून बसला असेल तर? लिफ्ट हाताने सोडायची होती. एक पायरी चुकली की ती थेट खालीच.

जुनं पान होतं तसं परत आणायला एक बटण पुरे होतं. पण मग कोणी बिघडवलं तेही नावासकट दिसणार. सगळ्या कंपनीला. कायमचं.

"सुदेश, हात काढ दांड्यावरून."

"पण मॅडम, ते सेक्रेटरी..."

"काढ म्हणते ना!"

तिने बटण दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं: 'सकाळची चूक माझी. जुनं पान परत. श्रिया.' स्क्रीनवरचं चक्र फिरायला लागलं. फिरतंच राहिलं. तेवढ्यात एखादा माणूस डोंबिवलीहून बाळकुमला चालत गेला असता, वाटेत जेवलाही असता.

"आलं!" सुदेश ओरडला.

"अगदी वरपासून वाच. एकही पायरी गाळू नकोस."

"पायरी पहिली." सुदेश अडखळला. "मॅडम, हे मघाशी नव्हतं."

"माहितीय रे. वाच."

"'आतल्या माणसांना विचारा: लिफ्ट थांबवायचं लाल बटण कोणी दाबून ठेवलंय का?'"

मग सुदेशने इंटरकॉम उचलला. श्रियाला फोनवर सगळं ऐकू येत होतं.

"आजी, लिफ्ट थांबवायचं लाल बटण कोणी दाबून ठेवलंय का?"

"हो तर! मीच ठेवलंय," सुमतीबाई म्हणाल्या, अंधारातून, ठणठणीत आवाजात. "गणपतीपासून माझ्या बाथरूमची भिंत गळतेय, आणि हे सेक्रेटरी मला पाहिलं की जिन्याने पळतात. आज त्यांचा गुडघा धरला म्हणून लिफ्टमध्ये सापडले. मघापासून सगळे नुसते 'घाबरू नका, घाबरू नका.' बटणाचं कोणी विचारलंच नाही! आता जरा थांब हं बाळा, आत्ता कुठे तोंड उघडायला लागलेत ते."