दुपारपर्यंत

"किल्ली हातात पडेपर्यंत मला मरू देऊ नकोस हं," वर्दिया हसत म्हणायची आणि लेक केल्तूम वचन द्यायची. अल्जियर्सच्या एका गच्चीवर, कपडे धुण्याच्या खोलीत मायलेकींनी बावीस वर्षं काढली. अखेर सरकारी घरांच्या यादीत आईचं नाव लागलं. किल्ल्या आज दुपारी मिळणार. अर्जदार मेला तर अर्जही मेला. पहाटेच्या नमाजाला आई उठलीच नाही. केल्तूमने तिचे डोळे मिटले, हनुवटी रुमालाने बांधली. मयताला ताटकळत ठेवू नये, लगेच दफन करावं, हे तिला ठाऊक होतं. जिन्यातून शेजारीण ओरडली, "वर्दियामावशी, आटपा की! सरकारलासुद्धा जाग आली, तुमची झोप संपेना!" केल्तूमने खुंटीवरची, आई बाहेर जाताना अंगभर पांघरायची ती पांढरी चादर डोक्यावरून घेतली, एका डोळ्यापुरती फट ठेवली, पाठीत वाकली. "आले गं बाई," आईच्या आवाजात म्हणत ती कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.