तीस रात्री

धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं, त्याच वर्षी ते मशीन घरात आलं. चपलांच्या खोक्याएवढं मशीन, त्याला लांब नळी, आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री लावायचं.

"नुसतं चालू ठेवून भागायचं नाही हं," मशीन आणून देणारा माणूस म्हणाला. "त्याला श्वास लागतो. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं, सगळं आतल्या कार्डावर उमटतं."

कंपनीची अट साधी होती. तीस रात्री, रोज निदान चार तास. महिन्याने डॉक्टर कार्ड तपासणार, मग दाखला. दाखला नाही तर काम नाही.

तो माणूस गेल्यावर तिने मास्क उलटासुलटा करून पाहिला.

"मला नाही जमायचं हे."

"जमेल," नवरा म्हणाला. "तुझ्यात धीर आहे. माझ्याच्याने असलं काही झालं नसतं."

"आणि नाहीच जमलं तर?"

"बहिणीचं लग्न तोंडावर आलंय. घर कशावर चालवायचं, तूच सांग."

तिने मास्क तोंडाशी धरून पाहिला.

पहिल्या रात्री पट्टे आवळल्याबरोबर तिच्या छातीत धडधडायला लागलं. वारा नाकात घुसला. श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा, तेच कळेना. दहा मिनिटांत तिने मास्क ओरबाडून काढला, खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन पुन्हा लावला. चार तास भरायचे होते.

मास्क तिला मोठा होत होता. कडेने हवा सुटून डोळ्यांत जायची आणि सकाळी डोळे लाल व्हायचे. तिने गालापाशी जुन्या ओढणीची घडी घातली.

"लहान मापाचा आणू या का बदलून?" तिने विचारलं.

"नको. बदलायला गेलं की दहा प्रश्न विचारतील," नवरा म्हणाला.

नणंदेला मात्र हसू आवरत नव्हतं. "वहिनी, सोंड काय शोभतेय तुला! माझ्या लग्नात हीच घालून मिरव."

"हसून घे. सासरी गेलीस की कळेल."

नणंद हसायची थांबली. "दादाला आजवर एकदा तरी नाही म्हणालीयेस का गं तू?"

तिने नळी धुवायला घेतली.

कंपनीचा टँकर चालवणारा नवरा महिनाभर घरीच होता. शेजाऱ्यांनी विचारलं की सांगायचा, टँकर दुरुस्तीला गेलाय. रात्री तो भिंतीकडे तोंड करून घोरायचा. घोरणं मध्येच थांबलं की ती मान वळवून बघायची. तेवढ्याने मास्क सरकायचा आणि शिट्टी वाजायची.

"नीट लाव ना," तो झोपेतच म्हणायचा.

कपड्यांच्या कारखान्यात ती कापड कापायच्या यंत्रावर होती. बाराव्या दिवशी तिथे तिचा डोळा लागला. पातं हातमोज्याचं टोक घेऊन गेलं. सुपरवायझर बाई धावत आल्या.

"अगं ए, जीव नको झालाय का? आज मोजा गेला, उद्या बोट जाईल!"

"झोप होत नाही, बाई."

"मग डॉक्टरला दाखव."

"त्याचंच चाललंय सगळं," ती म्हणाली.

त्याच दुपारी बाईंनी तिला यंत्रावरून उठवून बटणं लावायला बसवलं.

विसाव्या रात्रीपासून शरीरानेच हात टेकले. मास्क लावला की ती ओंडक्यासारखी पडायची. श्वास तिचा राहिला नव्हता, मशीन देईल तो घ्यायचा. नाकाच्या हाडावर लाल वळ उठला होता, तो दिवसभर जात नसे.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी नवऱ्याने तिचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला.

"पावडर लाव जरा," तो म्हणाला.

तिने वळावर पावडर लावली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. कार्ड कॉम्प्युटरला लावून त्या पडद्याकडे बघतच बोलत होत्या.

"वा! तीसच्या तीस रात्री. एकही चुकली नाही. श्वास अडकणं जवळजवळ शून्यावर. इतकं मनापासून कुणी लावत नाही हो. सुरुवातीला त्रास झाला असेल?"

"फार झाला," नवरा म्हणाला. "जीव घुसमटायचा माझा. आता सवय झालीये."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"डॉक्टर, एक विचारू?" ती एकदम म्हणाली.

टेबलाखाली नवऱ्याचा हात तिच्या हातावर आला.

"विचारा ना."

"मशीन लावलंच नाही, तर काय होतं?"

"दिवसाढवळ्या डोळा लागतो. कधी लागला तेही कळत नाही. म्हणून तर दाखल्यासाठी आम्ही एवढं अडवून धरतो." डॉक्टर पहिल्यांदाच तिच्याकडे वळल्या. "का हो? बंद करायचा विचार आहे?"

टेबलाखालचा हात घट्ट झाला. तिला नणंदेचं लग्न आठवलं, घर आठवलं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला. "सोमवारपासून रुजू व्हा. काळजी नको."

सोमवारी सकाळी नवऱ्याने तो दाखला कंपनीच्या फाटकावर दाखवला आणि टँकरची किल्ली घेतली. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, सकाळी पावणेदहा वाजता, सरळ मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकला पायही न लागता टँकर पुलाच्या कठड्यावर आदळला. तो जागीच गेला.