कौलांवरचा दात

"दात परत द्यावा लागतो, ताई," दवाखान्याचा माणूस पायरीवरूनच म्हणाला आणि वैजयंताचं डोकं फिरलं.

तिची मुलगी रेवा चार वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली, पुढचा दुधाचा दात गेला. या दवाखान्याने तिथे नवा दात फुकट बसवून दिला. काल तोही वेळेवर पडला, आणि रेवाने रीतीप्रमाणे तो उंदीरमामासाठी कौलांवर भिरकावला.

"मग चढा कौलांवर! पोरीचा पडलेला दात कुणी परत मागतं का?"

"त्यात तिचं दोन वर्षांचं बोलणं आहे ना. त्यावरूनच आम्ही बाहुल्यांना बोलायला शिकवतो. सही तुम्हीच केली होतीत."

"सही दातासाठी केली होती, मेल्या, कानासाठी नव्हे! माझ्या घरातलं बोलणं विकता?" वैजयंताने कोपऱ्यातला खराटा उचलला.

माणूस दोन पायऱ्या खाली उतरला. तिला शांत करायला त्याने फोन पुढे धरला. "वाईट काही नसतं हो त्यात. दात पडला की शेवटचं तेवढं बोलणं आमच्या फोनवर येतं. दात टाकताना काल काय बोलली, ऐका तरी. किती गोड बोलते!"

फोनमधून रेवाचा आवाज आला, अगदी हळू.

"उंदीरमामा, हा माझा दात घे. तुझा दात नाही दिलास तरी चालेल. त्याच्याबदली आईचा राग घेऊन जा."

खराटा उगारलेलाच राहिला. वैजयंताने मागे वळून पाहिलं. रेवा उंबऱ्यात उभी होती, दोन्ही कान हातांनी गच्च दाबून.