तिसरं पिल्लू

सोसायटीच्या हॉलमध्ये, घरट्यावरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ससाण्याची तिन्ही पिल्लं चोची वासत होती आणि शहाणे सभासद त्यांच्या बारशाचे पेढे खात होते. प्राणिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका कुमुदताई टिल्लूंना त्या कौतुकाची किळस आली. गच्चीवरच्या घरट्यातून आणलेलं मेलेलं पिल्लू त्यांनी सेक्रेटरी भागवतांसमोर ठेवलं.

"तिसरं परवाच उपाशी मेलं."

"ठाऊक आहे, ताई. बघणाऱ्याला त्रास नको म्हणून कॅमेराच ते जिवंत दाखवतो. घरोघरी आपण हाच बसवलाय ना!"

"मूर्खांचा बाजार नुसता!" ताई कडाडल्या आणि एकदम त्यांना आपल्या घरातला कॅमेरा आठवला.

गेल्या महिन्यात त्या तापानं फणफणत होत्या, तेव्हा कॅनडातली लेक रोज कॅमेऱ्यातून बघून म्हणायची, "आई, किती टवटवीत दिसतेस!"

तिला निर्दयी ठरवून ताईंनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.