न विचारता टाकलेला फोटो

केमोनं केस गेलेल्या आईच्या डोक्याला शलाकानं आपली इरकली ओढणी सुरेख गुंडाळली. मग फोटो काढून तो न विचारताच आपल्या फॅशन ब्लॉगवर टाकला. 'माझी शूर आई!' वाचणाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

संध्याकाळी कराडहून आजीचा फोन आला. शेजारणीनं तिला तो फोटो दाखवला होता. आजारपण आईनं नेमकं तिच्यापासूनच लपवलं होतं.

"हो गं आई, खरंय," एवढंच बोलून, इतके महिने डोळ्यांतून टिपूस न काढलेली आई हमसून हमसून रडू लागली.

शलाकानं घाईघाईनं फोटो डिलीट केला. "चुकले गं मी."

आईनं डोळे पुसले. "ती निघालीय इकडे यायला. आमच्या भेटीचा तरी फोटो काढू नकोस."