रंभाबाईचे बोकड

दूध पिल्लाच्या तोंडात कमी आणि गळ्यावरून जास्त जात होतं. नानाजीनं बाटली पुन्हा वाकडी केली. पिल्लाला ठसका लागला. ते मान झटकून ओरडलं, तसं टोपल्यातलं दुसरंही ओरडायला लागलं.

"काय करू वं, मले जमतच नाही," नानाजी दाराकडे पाहत म्हणाला.

दारात त्याची बायको रंभाबाई बसली होती. दोन महिने ती तिथंच बसून असायची. एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हा रंभाबाईनं दोन दिवसांची नात उचलून घेतली आणि तीन वर्षं वाढवली. मार्गशीर्षात जावयानं दुसरं लग्न केलं आणि पोरीला घेऊन गेला. त्याचंही काही चुकलं नव्हतं, पोर बापाची. पण त्या दिवसापासून रंभाबाई बोलेनाशी झाली. चूल नानाजीच पेटवायचा. आणि एकाहत्तर सालच्या त्या माघात तो हे लचांड घरी घेऊन आला होता. शेजारच्या मळ्यातली शेळी जुळी देऊन मेली, दोन्ही पिल्लं नर निघाली, म्हणून मालकानं फुकट दिली.

पिल्लू तिसऱ्यांदा ठसकलं.

"मारता का त्याले!" रंभाबाई उठली. बाटली तिनं हिसकूनच घेतली. पिल्लाला मांडीवर घेऊन हनुवटीखाली दोन बोटं धरली. पिल्लू चुटूचुटू प्यायला लागलं. नानाजी बाजूला झाला, आणि मग दोन्ही पिल्लांना त्यानं कधी हात लावला नाही.

त्यांचा संत्र्याचा मळा टेकडीवर होता. बैलगाडी खाली नाल्यापर्यंतच येई. माल डोक्यावरून उतरवावा लागे. "बोकड ओझं वाहतात म्हणते," नानाजी एकदा जेवताना म्हणाला. "काटोलच्या स्टँडवर एक जण सांगून राहिला होता."

स्टँडवरच्या त्या माणसाला बरंच काही माहीत होतं. पिल्लांचे खूर रोज हातात धरावे, म्हणजे मोठेपणी पाय उचलू देतात. डोक्याला डोकं लावून खेळू नये, टक्कर मारायची सवय लागते. माणसांत न्यावं, नाही तर मोटारीला बिचकतात. नानाजी हे सांगायचा आणि भाकरीचा तुकडा मोडायचा. रंभाबाई आधी ऐकून घ्यायची, मग तसंच करायची.

बुटक्या आणि लंबू अशी नावं तिनंच ठेवली. त्यांना घेऊन ती काटोलच्या बाजारात गेली. एसटीचा भोंगा वाजला तसा लंबू तिच्या पदरात शिरला. लोक हसले. तिसऱ्या बाजाराला त्याच लंबूनं एका बाईच्या टोपलीतला मुळा पळवला. त्या बाईशी रंभाबाई भांडली, आणि घरी येऊन ते सगळं भांडण तिनं नानाजीला सांगितलं. नानाजी ऐकत राहिला.

जुन्या गोधडीच्या झोळ्या शिवून तिनं त्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टाकल्या. आधी नुसतं वाळलं गवत भरलं. हाडं पक्की होईस्तोवर वजन घालायचं नाही, असंही स्टँडवर कळलं होतं.

तिसऱ्या वर्षी अंबिया बहाराच्या तोडणीला झोळ्यांत संत्री भरली. रंभाबाई पुढं, तिच्या मागं बुटक्या, मग लंबू. दावं नाही की काठी नाही. ती थांबली की ते थांबत. सगळ्यांत मागं नानाजी. त्यानं हाक मारली तर ते कान हलवत, वळत नसत.

त्याच हंगामात नागपूरहून मधुसूदनबाबू आले. नानाजीनं वीस वर्षं त्यांच्या हाताखाली जमीनमोजणीच्या सर्वे तुकडीत खलाशी, म्हणजे हरकाम्या गडी, म्हणून काढली होती, दूर उत्तरेच्या पहाडात. तिथं तो झेंडे रोवायचा आणि मोजणीची साखळी ओढायचा, एवढंच रंभाबाईला ठाऊक होतं. बाबू नाल्याजवळ उभे होते. वरून उतरणारी ती रांग पाहून ते मोठ्यानं हसले.

"वा नानाजी! इथंही तेच?" मग ते रंभाबाईकडे वळले. "वहिनी, खेचर जायचं नाही अशा वाटेनं आमचं सामान बोकडांवर जायचं. चाळीस बोकड होते, सगळे याच्या हातचे. आई मेलेलं पिल्लू कोटाच्या आत घालून हा बर्फातून चालायचा. पहाडी बायासुद्धा दूध न पिणारं पिल्लू याच्याकडेच आणून द्यायच्या."

"साहेब, संत्री खा," नानाजी घाईघाईनं म्हणाला.

बाबूंनी बोकडांना चुचकारलं. "पण हे तुझ्याकडे बघतही नाहीत रे!"

"ते तिचे आहेत."

बाबूंची गाडी गेली. रंभाबाईनं झोळ्या उतरवल्या. बराच वेळ ती लंबूची पाठ चोळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमाले सगळं येत होतं."

नानाजी रिकाम्या झोळ्यांची घडी घालू लागला.

"एवढा जीव आहे तुमचा त्याइच्यावर. मग काहून नाही वाढवले तुमी?"

"मी वाढवले असते तं माह्या मागं आले असते," नानाजी म्हणाला. "मले तू होती. तुह्या मागं येणारं कोणी उरलं नव्हतं."